अर्धी चावी

टेंभुर्णी,
ता. २० जानेवारी १९४८

चिरंजीव धर्मराज यास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

इकडे सर्व खुशाल, असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचून झालं की ती ओळ तूच खोडून टाक.

दिवाळीनंतर मला मुदतीचा ताप आला होता हे तुला कळवलंच होतं. ताप गेला, पण जाताना कान घेऊन निघाला आहे. उजव्या कानानं आता काहीच ऐकू येत नाही. डाव्यानं येतं, पण गोधडीतून आल्यासारखं. संक्रांतीच्या आधी यांनी मला छकड्यात घालून जालन्याला मिशनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी चिमट्यासारखं एक लोखंड वाजवून कानामागं धरलं, पुन्हा पुन्हा धरलं, आणि मला बाजूला न बसवता माझ्यासमोरच सांगितलं, की कानाची शीर वाळत चालली आहे, तिला औषध नाही, आणि डावा कानही फार तर पावसाळ्यापर्यंत. बाईंचं मराठी तोडकंमोडकं, म्हणून यांना वाटलं की आपल्याला बराबर समजलं नसेल. ते विचारतच राहिले. मला पहिल्यांदाच समजलं होतं.

माझं रडून झालं आहे, तेव्हा तू उत्तरात रडू नकोस. मला तुझ्याकडून काम हवं आहे.

आपले आबा जिच्या बंगल्यावर कामाला होते त्या मडमेनं विलायतेला जाताना त्यांच्यापाशी ठेवलेली फोनोची पेटी आणि पियानोच्या तबकड्या मी आबांच्या माघारी इकडे आणल्या, हे तुला ठाऊक आहे. दुपारची कामं आवरली की एखादी लावते. आता कान कर्ण्यात घालून बसावं लागतं, आणि तेवढ्यानंही तो दमतो. दिवसातून एक तबकडी नीट ऐकू येते, दुसरीची नुसती गुणगुण. म्हणून मी ठरवलं आहे, की एकच तुकडा निवडायचा, एकाच वाजवणाऱ्याच्या हातचा, आणि कान आहे तोवर तोच ऐकायचा. इतका ऐकायचा की पुढं पेटी नसली तरी डोक्यात वाजला पाहिजे. लहानपणी आपण भांडायचो ते आठव. तुझा चोपीनचा संध्याकाळचा, माझा चोपीनचाच, मोटेचे थेंब पडल्यासारखा वाजतो म्हणून आपण ज्याला मोटेचा म्हणायचो तो, आणि शूमानचा तो लहानपणचा, ज्याला आबा अंगाई म्हणायचे. ते भांडण आता मिटवायला हवं. तू तबकड्यांच्या दुकानात नोकरी करतोस, माझ्यापेक्षा जास्त ऐकलं आहेस. नीट विचार करून सांग, कोणता आणि कोणाचा.

हे म्हणतात, की शेवटचं ऐकायचंच असंल तर पोरीचं बोलणं ऐक, ही विलायती टिणटिण काय ऐकून राह्यलीस. रागानं नाही म्हणाले. मी म्हटलं, की कडूचं बोलणं दिवसभर कानावर असतंच, आणि ती मोठी झाली की तिचा आवाज बदलणारच आहे. तबकडीवरचा पियानो बदलत नाही. त्यांना हे पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलेलं नाही, पण मला ते हवं आहे, आणि मी आजवर फार काही मागितलेलं नाही.

पत्र देऊळगावराजाच्या कापडवाल्या काकासाहेबांच्या पत्त्यावर टाक. संस्थानाच्या सरहद्दीपलीकडं आहेत, पण गावातलं कोणी ना कोणी त्यांच्याकडं जाऊन येऊन असतं. सरकारी टपालाचा आता भरवसा नाही.

दुकानाच्या नादात जेवण चुकवू नकोस. आहेस तसाच माझा राहा.

तुझी,
अक्का (द्वारका)


मुंबई,
ता. १९ फेब्रुवारी १९४८

तीर्थस्वरूप सौ. अक्काच्या पायांवर धर्मराजचं डोकं. वि. वि.

तू रडू नकोस म्हणालीस. बरं. एवढंच लिहितो, की तुझं पत्र मी दुकानातच उघडलं आणि लावणीच्या तबकड्या मागायला आलेलं गिऱ्हाईक माझ्याकडं बघून काही न घेता निघून गेलं. इथल्या कानाच्या मोठ्या डॉक्टरांना मी तुझं सगळं सांगितलं. त्यांनीही तेच सांगितलं. आता या विषयावर पुन्हा लिहिणार नाही.

तर काम. आधी एक गोष्ट, तुझ्या त्या चोपीनला इथं कोणी ओळखत नाही. त्याला शोपँ म्हणावं लागतं. मी पहिल्या दिवशी चोपीन म्हणालो तेव्हा मालक इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

आमच्याकडं इंग्रजी तबकड्यांचं कपाट कुलपात असतं. मालकांना तुझी हकिगत सांगितली तर त्यांनी किल्लीच हातावर ठेवली. सध्या जेवणाच्या सुट्टीत मी त्यातल्याच तबकड्या लावून ऐकतो. संध्याकाळचा म्हणजे तो नॉक्टर्न दोघांचा मिळाला, कॉर्तोचा आणि रुबिनस्टाइनचा. रुबिनस्टाइनचा हात स्वच्छ, निरोगी. आंघोळ करून, जेवून, पान खाऊन बसलेल्या माणसानं शांतपणे बोलावं तसं. कुठं नाव ठेवायला जागा नाही, आणि तेच माझं गाऱ्हाणं आहे. कॉर्तो मधूनच चुकीच्या पट्टीवर बोट ठेवतो. ठेवतो आणि पुढं जातो, वळूनसुद्धा बघत नाही. पण तो बोलता बोलता काही आठवल्यासारखा थांबतो ना, तिथं मी सुई उचलून तेवढंच पुन्हा लावतो. शूमानचाही त्याचाच ऐकला. अंगाई नाही ती, अक्का. लहान मूल झोपल्यावर जागं राहिलेल्या मोठ्या माणसाचं ते आहे. आबांना हे सांगायला हवं होतं.

तुझ्या मोटेच्या तुकड्याबद्दल काय लिहू? त्यात तो एकच सूर पहिल्यापासून शेवटपर्यंत ठिपकत राहतो, मोट रिकामी झाल्यावर थेंब पडत राहतात तसा. ज्याला जन्मभर डोक्यात ठेवायचं त्यात इतका एकसुरीपणा बरा नव्हे. शिवाय आपल्याकडचा आहे पादेरेव्स्कीचा. गृहस्थ मोठा, स्वतःच्या देशाचा मुख्य प्रधान झालेला, पण त्याची खोड तुला आठवत असेल, डावा हात आधी पडतो आणि उजवा मागून येतो, सभेला उशिरा आल्यासारखा. ती तबकडी आमच्या दुकानात नाही, म्हणून आठवणीवरून बोलतो आहे. माझं मत नॉक्टर्नला, आणि कॉर्तोच्या हातचा.

दाजींना नमस्कार, कडूला पापा. मला दूर लोटू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
धर्मराज


टेंभुर्णी,
ता. २८ मार्च १९४८

चि. धर्मराज यास आशीर्वाद, विशेष.

तुझं पत्र शिमग्याच्या दिवशी मिळालं. मुंबईला राहून माणूस इतका पंडित होतो हे ठाऊक असतं तर तुला आधीच पाठवलं असतं. शोपँ म्हणा की आणखी काही, माझ्यासाठी तो चोपीनच. आपल्या पिंपळगावातला, माहेरचा वाटतो.

तुझं मत मी उडवून लावलेलं नाही. आठ-पंधरा दिवस पाळीपाळीनं सगळे लावले. नॉक्टर्न गोड आहे रे, पण माझ्या कानाला आता त्याचे वरचे सूर येतच नाहीत. नक्षीकाम पुसलेल्या लुगड्यासारखा तो मला दिसतो. शूमानचा ऐकताना आई आठवते आणि मग मी ऐकत नाही, नुसती आठवत बसते.

मोटेचा राहिला. तू एकसुरी म्हणालास, पण माझ्या कानात ताप गेल्यापासून एक सूर सतत वाजत असतो, झोपेतसुद्धा. त्यानं मी वेडी व्हायची वेळ आली होती. बाकीचं काहीही ऐकताना तो मध्ये येतो. फक्त या तुकड्यात तो मध्ये येत नाही, कारण तुकड्याचा तो सूर आणि माझ्या कानातला सूर एकमेकांत मिसळून जातात. तेवढी चार-पाच मिनिटं मला वाटतं, की माझ्या कानात बिघाड नाही, पियानोच वाजतो आहे.

आणि त्यातली ती उतरण! आधी सरळ चाललेला माणूस मध्यावर आला की उतरायला लागतो. आवाज जड होतो, घोगरा होतो, पायरी पायरीनं खाली जातो, आणि मग पहिलं गाणं पुन्हा येतं तेही खालूनच, दमून. शेवटी थांबता थांबता थांबतं. आई गेली त्या वर्षी आबा हीच तबकडी उभ्यानं ऐकायचे, आठवतं? बसायचे नाहीत. तुझा कॉर्तो असा उतरतो का? उतरत असेल तर मला सांग.

तेव्हा माझं ठरलं. मोटेचा, पादेरेव्स्कीच्या हातचा. तू फक्त हो म्हण. का कोण जाणे, तू हो म्हटल्याशिवाय मला पक्कं वाटत नाही.

हे तुझ्या पत्रातलं पान खाऊन बसलेल्या माणसाचं वाचून हसले. म्हणाले, धर्मराज चांगलं लिहितो, त्याला एखादी पोरगी बघाया पाहिजे. मला उत्तर लवकर पाठव, कान वाट बघत नाही.

तुझ्यावर जीव टाकणारी,
अक्का


मुंबई,
ता. २१ एप्रिल १९४८

तीर्थस्वरूप सौ. अक्कास धर्मराजचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

हो म्हणायला बसलो होतो. पण त्याआधी एकदा ती तबकडी ऐकावी असं मनात आलं आणि शोध सुरू केला. आमच्याकडं एक पारशी बाई येतात, मुलांना पियानो शिकवतात. त्यांच्याकडं नेमकी तीच निघाली, तोच पादेरेव्स्की, तेच लेबल. त्यांनी रविवारी घरी बोलावलं आणि विजेवर चालणाऱ्या पेटीवर लावली.

अक्का, तो उतरत नाही.

मध्यावर काळोखासारखं काही येतं हे खरं, डाव्या हाताचे जड सूर येतात, पण तो खाली घसरत नाही, दमत नाही. आणि नंतर पहिलं गाणं येतं ते जिथं होतं तिथंच, वर, उजेडात. मी बाईंना म्हटलं, की पेटी बिघडली असेल. त्यांनी स्वतः पियानोवर बसून वाजवून दाखवलं. त्यांच्या हातूनही तो वरच आला. आपण इतकी वर्षं ज्याला विहिरीत उतरवला, तो माणूस खरं तर वर येतो.

परत येताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आबा अर्धीच चावी द्यायचे! मडम वर्षभरानं परत येऊन पेटी मागेल, दुसऱ्याची अमानत आहे, पुरी चावी दिली तर स्प्रिंग तुटेल, म्हणून अर्धी. मडम आली नाही, तरी आबांचा नेम सुटला नाही, आणि तूही तोच चालवत असशील. अर्ध्या चावीची थकलेली स्प्रिंग तबकडीच्या मध्यावर येईपर्यंत ढिली पडते, पेटी मंदावते, मंदावली की सूर खाली जातो. तुझी ती उतरण पादेरेव्स्कीची नाही आणि शोपँचीही नाही. ती आपल्या पेटीची आहे.

म्हणून माझं ऐक. शेवटचं जे ऐकशील ते तुझ्यापाशी जन्मभर राहणार. एका यंत्राचा थकवा तू माणसाची कला समजून सांभाळत बसावंस हे मला सहन होणार नाही. ती तबकडी आता लावू नकोस, बिलकुल लावू नकोस, नाहीतर तेच मनात घट्ट बसेल. दाजींना सांग, पेटी जालन्याला बद्रीनाथ घड्याळजीकडं द्या आणि जुनी स्प्रिंग काढून ठेवा. मी नवी स्प्रिंग पाठवतो आहे. तिच्याबरोबर कॉर्तोनं वाजवलेला हाच तुकडाही पाठवतो, कारण त्याच्या हातचा मला सगळ्यांत खरा वाटला. पुरी चावी देऊन दोन्ही ऐक, मग निवड. एवढ्या महत्त्वाच्या वेळी तुला खोटं मिळू नये, इतकीच माझी इच्छा.

रागावू नकोस. रागावलीस तरी माझंच ऐक.

तुझा आणि तुझाच,
धर्मराज


टेंभुर्णी,
ता. १२ जून १९४८

चि. धर्मराज यास आशीर्वाद, विशेष.

तुझं पत्र वाचलं आणि रागानं फडताळात कोंबलं. नंतर विचार केला, की तू शिकलेला, तू ऐकलेला, आणि माझ्या भल्याचंच सांगतोस. मनाविरुद्ध का होईना, तुझं ऐकलं. हे पेटी घेऊन जालन्याला गेल्ते. बद्रीनाथनं ती उघडली आणि यांना स्प्रिंग दाखवली. ती म्हणे जागोजाग गंजून चिकटली होती, अजून चालत कशी होती याचंच त्याला नवल वाटलं. त्यानं पेटीचे भाग सुटे करून ताटलीत काढून ठेवले आहेत. नवी स्प्रिंग आली की तासाभराचं काम, म्हणाला.

ती मात्र अजून आलेली नाही. काकासाहेबांचा निरोप आहे, की तुझं पार्सल त्यांच्याकडं सुखरूप पोचलं, पण इकडं आणणं कठीण झालं आहे. करोडगिरीच्या नाक्यावर जकातवाले पलीकडून येणारी प्रत्येक वस्तू फोडून बघतात, आणि रझाकार उभे असले तर माणूसही ठेवून घेतात. पत्र कमरेला खोचून आणता येतं, तबकडी कुठं खोचायची? अर्धं गाव सरहद्दीपलीकडं गेलं आहे. आम्ही आहोत, कारण पेरणी सोडून जायला यांचं मन घेत नाही.

डावा कान उतरत चालला आहे. जवळचं येतं, दारातलं येत नाही. कडूला जवळ घेऊन बोलायला सांगावं लागतं. पेटीच्या जागेवर मी पोळपाट ठेवला आहे, पण दुपार झाली की पाय तिकडंच वळतात. तबकडी हातात घेते, पुसते, ठेवून देते. तू सांगितलंस म्हणून डोक्यातसुद्धा ती वाजू देत नाही. लवकर काही तरी कर, बाबा. मी तुझ्या शब्दावर थांबले आहे.

तुझी,
अक्का


मुंबई,
ता. ६ जुलै १९४८

ती. सौ. अक्कास नमस्कार. वि. वि.

घाईत लिहितो. तुझं पत्र हातात पडलं तसा रजा टाकून निघालो होतो. मनमाडपर्यंत आलो. पुढची गाडी सोडत नव्हते. दोन दिवस फलाटावर काढले. मग पोलिसांनी आमच्यातल्या कोणालाच पुढं जाऊ दिलं नाही आणि मी परत आलो.

अक्का, पार्सलची वाट बघू नकोस. मी तुला चुकीचं सांगितलं. दाजींना जल्दी बद्रीनाथकडं पाठव. ती जुनीच स्प्रिंग परत बसवून घे, गंजकी असली तरी. अर्धी चावी दे आणि तुझा मोटेचा ऐक, जसा उतरतो तसा, रोज ऐक, कान मिटेपर्यंत ऐक. खऱ्याखोट्याचं मी काय बोललो ते विसर. तू कशासाठी ऐकणार होतीस हेच मी विसरलो.

हे पत्र तुला वेळेवर मिळो. दुसरं काही मागत नाही.

धर्मराज


टेंभुर्णी,
ता. २४ ऑगस्ट १९४८

चि. धर्मराज यास आशीर्वाद.

तुझं जुलैचं पत्र मला राखीपौर्णिमेच्या दिवशी मिळालं. डावा कान आषाढातच मिटला. एका सकाळी कडू समोर बसून पाढे म्हणत होती. मी तिला म्हटलं, की मोठ्यानं म्हण. ती घाबरून माझ्याकडं बघायला लागली, कारण ती ओरडतच होती.

शेवटचं काय ऐकलं, असं तू विचारशील. मला ठाऊक नाही. भांडं पडल्याचं असेल, बैलाला हाकल्याचं असेल. हे शेवटचं आहे, असं त्या वेळी कोणी सांगत नाही. मी निवडून ठेवलेलं होतं, पण ते ताटलीत सुटं पडलं होतं.

श्रावण लागायच्या आधी हे मला न सांगता देऊळगावला गेल्ते. पार्सल घेऊन परत निघाले तर नाक्याच्या अलीकडं माणसं दिसली, म्हणून ते मागं वळले आणि पार्सल पुन्हा काकासाहेबांकडं ठेवून मोकळ्या हातांनी आले. तरी नाक्यावर त्यांना लाठी बसली. डोक्याला पटका गुंडाळून घरात शिरले आणि मला हातानं खूण केली, की न्हाई जमलं. ज्या माणसाला त्यातलं काही आवडत नाही, त्यानं माझ्यासाठी डोकं फोडून घेतलं. मी त्यांच्यावर इतकी ओरडले म्हणे, की शेजारणी धावत आल्या. मला माझं ओरडणंही कळलं नाही.

आता माझं गाऱ्हाणं ऐक. कान गेल्यावर मी तो तुकडा डोक्यात लावायला बसले. सुरुवात येते. थेंब येतात. मध्यावर आले, उतरायला लागले, की तुझं वाक्य आडवं येतं, स्प्रिंग ढिली पडते, पेटी मंदावते. मग तो माणूस उतरत नाही, नुसती पेटी बिघडते. म्हणून तू सांगितलास तसा त्याला वर आणायला बघते, पण तसा मी कधी ऐकलाच नाही, तर आणू कुठून? एक तू खोटा ठरवलास आणि दुसरा आला नाही. कानातला सूर तेवढा चालू आहे.

तू बरोबर होतास, धर्मराज. मला तुझं बरोबर नको होतं, हो हवं होतं. खोटा का असेना, तो तुकडा माझा होता, आबांचा होता. मला तुझा राग आला आहे आणि तो कधी जाईल हे सांगता येत नाही. लोभ आहेच, तो कुठं जात नाही, पण आज त्याबद्दल काही लिहवत नाही.

अक्का


टेंभुर्णी,
ता. २४ ऑक्टोबर १९४८

राजमान्य राजेश्री धर्मराज यांस टेंभुर्णीहून तुमच्या दाजीचा, कारभारीचा रामराम. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय न्हाई. चुकलं तर सांभाळून घ्या. तुमची पत्रं आली, तिनं सगळी वाचली. उत्तर द्यायला हात होत न्हाई म्हणती. म्हणून म्या लिहून राह्यलो.

फौज आली, रझाकार पळाले, रस्ता खुला झाला, हे तुमाला कळलं असंलच. दसऱ्याच्या आधीच म्या देऊळगावला जाऊन पार्सल आणलं. तबकडी साबूत हाये, कुठं टवका न्हाई. जालन्याला जाऊन बद्रीनाथकडून नवी स्प्रिंग बसवून घेतली आन् पेटी मांडीवर धरून छकड्यात घरी आणली. तिनं बघितलंसुदिक न्हाई. म्हणाली, कोणाला तरी देऊन टाका.

म्या देली न्हाई. ती रानात गेली की म्या लावायचो. आधी काहीच कळंना. पण रोज ऐकू लागलो तसं हळूहळू समजाया लागलं. तुमच्या कॉर्तोचा आन् घरच्या जुन्या तबकडीवरच्या म्हाताऱ्याचा, पादेरेव्स्कीचा, दोन्ही आता मला वेगळे वळखू येतात. म्हाताऱ्याचा डावा हात आधी पडतो, ते बी कळलं. तुमी लिवलंत तसा तो वर येतो. चांगला येतो. खोटं का बोलू, मला आवडलं.

पर पाव्हणं, एक गोष्ट मनाला लागून राह्यली. इतकी वर्षं ती कर्ण्यापाशी बसायची आन् म्या तिच्याकडं पाठ करून वाकळंवर लोळायचो. तिनं जे ऐकलं ते याच घरात वाजत व्हतं, आन् म्या ते ऐकलं न्हाई. आता नव्या स्प्रिंगवर ते निघत न्हाई. म्हणून पुन्यांदा जालन्याला गेल्तो. जुनी स्प्रिंग बद्रीनाथनं फेकली नव्हती. नवी काढून जुनी बसव म्हणालो तर तो हसला. हसू द्या म्हणलं.

परवा दुपारी म्हाताऱ्याची तबकडी लावली, अर्धीच चावी देऊन. मधात आलं आन् उतराया लागलं. काय सांगू तुमाला. घरातलं कोणी तरी उठून चाललंय, आन् आपल्याला त्याला थांब म्हणता येईना, असं झालं. माझ्या डोळ्याला धार लागली. ती पाण्याची घागर घेऊन दारात कवा आली ते मला कळलंच न्हाई. ती माझ्याकडं बघत व्हती. मंग तिनं इचारलं, की उतरलं का. तिला आता आपला आवाज कळत न्हाई, लई मोठ्यानं इचारलं. म्या मान हालवली.

तिनं घागर खाली ठेवली आन् माझ्यासमोर बसली. म्हणाली, की किती उतरलं ते हातानं दाखवा. म्या तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली आन् हात वर धरला. थेंब पडत व्हते तवर बोटानं ते दाखवले. मंग पेटी जशी खाली गेली तसा हात खाली नेला, थांबली तिथं थांबवला, पार जमिनीला टेकला. ती हातावरून नजर काढीत नव्हती. मंग म्हणाली, पुन्हा लावा.

तवापासून रोज दुपारी म्या लावतो आन् ती बघती. काल म्हणाली, की आता डोक्यात बी थोडं थोडं उतरतंय. तुमच्यावरचा राग गेला का, ते म्या इचारलं न्हाई.

दिवाळी तोंडावर हाये. रजा काढा आन् या. ती आल्या पावली बोलंल का न्हाई, ते म्या सांगू शकत न्हाई. पर माझा हात कुठं चुकत असंल तर ते मला कोण सांगणार? ती तर म्या दाखवीन तेच खरं धरून बसलीया. तुमी येऊन एकदा बघा.

जसे आपले समजत आलात तसेच समजा.

कारभारी